मिस्टरांना इलेक्ट्रिक गाडी हवीये, पण हिशोब जुळत नाहीये

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: नाशिकरोडला फ्लॅट, चार माणसं. ताई सकाळच्या शाळेत शिक्षिका, मिस्टर अंबडला कंपनीत. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७० हजारच्या आसपास चाललीये, अजून काही कुरकुर नाही. मिस्टरांच्या मनात इलेक्ट्रिक एसयूव्ही भरलीये, ऑन रोड १५ लाख. जुनी गाडी देऊन आणि साठवलेले घालून ५ लाख उभे राहतात, बाकी १० लाखांचं लोन. त्यांचं म्हणणं, पेट्रोलचे वाचतील त्यातूनच हप्ता जाईल. नववीतली लेक बाबांच्या पार्टीत, शाळेत प्रदूषणावर प्रोजेक्ट केल्यापासून तिला घरची पेट्रोल गाडी बघवत नाही. दीर म्हणतात सगळं नाटक आहे, एकलहऱ्याला कोळसा जाळून जी वीज होते तीच गाडीत भरणार, इथला धूर तिथे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी चार्जरला तोंडीच 'नाही' म्हटलंय. आणि ताईंना धास्ती की आठ वर्षांनी बॅटरीचे लाखो रुपये भरावे लागतील. घरचा जमाखर्च त्याच लिहितात आणि विचारतायत, "पर्यावरणासाठी म्हणून घ्यावी का? की मीच उगाच आडवी येतेय?"

ताई,

तुम्ही पत्रात गाडीबद्दल सतराशे साठ गोष्टी लिहिल्यात, पण गाडी महिन्याला चालते किती हे शेवटून दुसऱ्या ओळीत, आणि तेही "असेल सातशेक किमी" असं उडत उडत. मला विचाराल तर अख्ख्या पत्रात कामाची ओळ तीच. कंपनी कुठली, रेंज किती, कोळसा की सोलर, हे सगळं त्या सातशेच्या मागून येतं.

तर आधी पैसे. सातशे किमी महिन्याला म्हणजे वर्षाला ८,४०० किमी. तुमची गाडी शहरात लिटरला १५ देते असं धरू, मग ५६० लिटर पेट्रोल, १०४ च्या भावाने वर्षाला साधारण ५८ हजार. ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी, एका युनिटमध्ये सहा-सात किमी जाते, चार्ज करताना थोडी वीज वाया जाते म्हणून सहाच धरा. १,४०० युनिट. घरच्या मीटरवर सगळे आकार आणि वीज शुल्क धरून युनिट बारा-तेराला पडलं तर १८ हजार. म्हणजे वाचले वर्षाला ४० हजार, महिन्याला ३,३०० च्या आसपास. ऑइल, फिल्टर, क्लच ही भानगड नाही म्हणून सर्व्हिसिंगचे अजून पाचेक हजार वर्षाला वाचतात, तेही धरा.

आणि हप्ता? १० लाख, पाच वर्षं, ९ टक्के, तर महिना २०,७५० च्या घरात. तीन-साडेतीन हजारातून एकवीस हजाराचा हप्ता कसा जाणार हे मिस्टरांनाच पेन-कागद देऊन विचारा, भांडू नका, नुसतं विचारा. वर पाच वर्षांत व्याजच अडीच लाखांच्या जवळ जातं. इन्शुरन्सचं कोटेशन पण आत्ताच मागवा, १५ लाखांच्या नव्या गाडीचा प्रीमियम तुमच्या जुन्या हॅचबॅकच्या कितीतरी पट असतो आणि वाचलेल्या पेट्रोलमधला बराच भाग तिथेच जिरतो, ईव्हीला थर्ड पार्टीच्या भागावर १५ टक्के सूट असली तरी.

आता तुम्ही म्हणाल, झालं, मग मीच बरोबर. थांबा जरा. ही तुलना चालू गाडी विरुद्ध नवी गाडी अशी आहे, आणि त्यात नवी गाडी कुठलीही असो ती हरणारच, पेट्रोलवाली तर अजून वाईट हरेल. समजा तुम्हाला गाडी बदलायचीच आहे, तर तुलना नव्या ईव्हीची नव्या पेट्रोल गाडीशी करायची. तशाच आकाराची पेट्रोल एसयूव्ही १२ लाखांत येते धरलं तर फरक ३ लाखांचा, वर्षाला ४५ हजार वाचतात, फरक भरून निघायला साडेसहा-सात वर्षं. पण हेच गणित महिन्याला १,५०० किमी चालवणाऱ्या माणसाचं मांडा, स्वतःचं पार्किंग आहे, घरीच स्वस्तात चार्जिंग होतंय, त्याचे वर्षाला नव्वद-पंच्याण्णव हजार वाचतात, तीन-सव्वातीन वर्षांत फरक वसूल. हे वाचणाऱ्यांपैकी जे रोज सिन्नर-नाशिक किंवा पनवेल-ठाणे अप-डाऊन करतात आणि गाडी बदलायचीच आहे त्यांना मी बिनधास्त घ्या म्हणेन, माझ्याकडे पत्र पाठवायची पण गरज नाही.

शोरूमवाले काही वाक्यं हमखास टाकतात म्हणून सांगून ठेवते. "रोड टॅक्स माफ आहे मॅडम." हो, महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के लागतो आणि ईव्हीला माफी आहे, पण ती माफी १५ लाखांच्या ऑन रोड भावात आधीच धरलेली असते, परत 'बचत' म्हणून मोजायची नाही. "इन्कम टॅक्समध्ये दीड लाख सूट." इन्कम टॅक्सच्या ८०ईईबी कलमाची ती सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनलाच होती, पण अजून सर्रास सांगतात. "टोल माफ." राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेस वे आणि समृद्धीसाठी टोलमाफी आहे खरी, पण तुमचं जाणं-येणं चाळीसगावकडे माहेरी, तिथे तिचा काय उपयोग. उलट एक गोष्ट ते सांगत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, ईव्हीचा ५ होता तो ५ च राहिला, म्हणजे पेट्रोलवाली स्वस्त झाली, ईव्ही नाही, आणि दोघींच्या किमतीतलं अंतर आधीपेक्षा वाढलंय. जुने यूट्यूब व्हिडिओ बघून हिशोब केला असेल तर परत करायला लागेल.

मीटरचं पण बघा, इथे बरेच जण फसतात. महावितरणचे घरगुती दर स्लॅबने चढतात. तुमचं बिल एरवी १८० युनिटचं म्हणता, गाडीचे ११५-१२० आले की तीनशेला टेकता, आणि एप्रिल-मे मध्ये एसी लागला की सरळ वर. तीनशेच्या पुढचं युनिट सगळं धरून सतरा-अठरा रुपयांपर्यंत जातं, म्हणजे बाहेरच्या फास्ट चार्जरच्या जवळपास, मग घरी चार्ज करून स्वस्त पडतं हे वाक्यच गेलं. त्यासाठी ईव्ही चार्जिंगचा वेगळा टॅरिफ आहे, वेगळं मीटर घेता येतं, बहुतेक वेळा वरच्या स्लॅबपेक्षा बरंच स्वस्त पडतं, फक्त स्थिर आकार किती लागेल ते महावितरणच्या सेक्शन ऑफिसला विचारून घ्या. आणि स्मार्ट मीटर असेल तर दिवसा ९ ते ५ दरात सवलत मिळते. तुमची सकाळची शाळा, गाडी दुपारी घरी असेल तर तुमच्याच सोयीचं, पण ती असते अंबडला कंपनीच्या पार्किंगमध्ये. यावर खाली बोलते.

आता दिरांचा कोळसा. ते अर्धे बरोबर आहेत आणि अर्धे बरोबर असलेल्या माणसाशी वाद घालणं सगळ्यात कठीण! देशातली जवळपास पाऊण वीज कोळशाची आहे आणि ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वीज फक्त एकलहऱ्याची नाही हो, चंद्रपूर, कोराडी, कोयना, सोलर सगळं एकत्र होऊन तुमच्या प्लगमध्ये येतं, पण सरासरी तीच. तुमचे १,४०० युनिट म्हणजे एक टन, तारांमधली गळती धरून ११५० किलो. पेट्रोलचा एक लिटर जळला की २.३ किलो, ५६० लिटरचे तेराशे किलो जवळजवळ, त्यात रिफायनरी आणि टँकरचं धरून दीड टनाच्या थोडं वर. फरक पडतोच, कारण पेट्रोल इंजिन जाळलेल्या इंधनातला तीन चतुर्थांश भाग नुसता उष्णतेत घालवतं, मोटर तसं करत नाही. पण तुमच्या केसमध्ये तो फरक वर्षाला ४०० किलो. आणि ४० युनिटची बॅटरी बनवतानाच अडीच ते चार टन कार्बन आधीच गेलेला असतो, म्हणजे गाडी शोरूममधून निघते तीच उधारी घेऊन. मधला आकडा ३ टन धरला तर ती फेडायला सात-साडेसात वर्षं. ही झाली नव्या पेट्रोल गाडीशी तुलना. चांगली चालणारी जुनी विकून नवी घेतली तर नुसती बॅटरी नाही, पत्रा, काच, टायर सगळ्यासकट अख्ख्या गाडीचा कार्बन मोजायला लागतो, आणि मग वर्षं दुपटीहूनही जास्त.

माझ्या गणितावर विश्वास नसेल तर स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या आयसीसीटी संस्थेचा २०२१ चा अभ्यास बघा, बनवण्यापासून भंगारापर्यंत अख्ख्या आयुष्याचा हिशोब काढून त्यांनी भारतात मध्यम आकाराची ईव्ही पेट्रोलपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी कार्बन सोडते असं म्हटलंय. युरोपात तोच आकडा ६६ ते ६९. गाडी तीच, वीज वेगळी. म्हणजे दिरांचं "सगळं नाटक" चूक आणि लेकीचं "गाडी बदलली की झालं" हेही पूर्ण नाही. शिवाय द्वारका चौकात सिग्नलला स्कूटरवर बसलेल्या पोराच्या नाकात तुमचा धूर जात नाही हा फायदा खराच, तो कार्बनच्या आकड्यात दिसत नाही. फक्त लेकीला हेही सांगा की तो धूर दुसरीकडे कुणाच्या तरी वाट्याला येतोच, २०२२ च्या पावसाळ्यात कोराडीच्या वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतात गेली. विजेचा पण खर्च कुणीतरी भरतं.

मग काय, काहीच करायचं नाही? नाही ना. मला तुमच्या पत्रातली एक गोष्ट खुपतेय. मिस्टर नाशिकरोडहून अंबडला जातात, बारा किमी, एकटेच, महिन्यातले पंचवीस दिवस. चोवीस गुणिले पंचवीस, सहाशे. म्हणजे तुमच्या सातशेपैकी सहाशे किमी एक माणूस चार रिकाम्या सीट घेऊन जातोय. तुमच्या घरातल्या पेट्रोलचा प्रश्न म्हणजे हे सहाशे किमी, आणि त्याला पंधरा लाखांची एसयूव्ही हे उत्तर जरा जास्तच मोठं आहे. तिथेही एकटेच बसणार ना!

इलेक्ट्रिक स्कूटर बघा. युनिटला ३० किमी सहज जाते, सहाशे किमीला २० युनिट, महिन्याचे अडीचशे-पावणेतीनशे रुपये. त्याच सहाशे किमीला कारमध्ये ४० लिटर, चार हजारावर पेट्रोल लागतं. वाचले महिन्याला ३,९०० च्या आसपास, म्हणजे १५ लाखांची कार विजेवर जितके वाचवते त्याहून जास्त, आणि हे सव्वा लाखाच्या वस्तूत! तीन युनिटची बॅटरी, बनवतानाचा कार्बन दोन-तीनशे किलो, वर्षाच्या आत फिटतो, कोळशाच्या विजेवर सुद्धा. बिलाचा स्लॅब फारसा हलत नाही. दिवसभर कंपनीत असली तरी बिघडत नाही, दोन-तीन दिवसांतून एकदा चार्ज केली की झालं. जुनी हॅचबॅक पावसाच्या दिवसांना, लग्नकार्याला, माहेरी जायला राहतेच.

मला माहितीये मिस्टर काय म्हणणार. चव्वेचाळीसाव्या वर्षी परत स्कूटरवर? पाठ? पाऊस? खड्डे? यातलं पाठ आणि खड्डे मला मान्य, अंबड लिंक रोडला मी स्वतः कोणाला दुचाकी घ्या म्हणताना दोनदा विचार करेन. मग कंपनीची बस आहे का, त्याच शिफ्टला नाशिकरोडहून जाणारे दोघं-तिघं आहेत का हे तरी बघा. तिघं एका गाडीत गेले तर पेट्रोल गाडी सुद्धा माणशी त्या एकट्याच्या ईव्हीपेक्षा कितीतरी कमी कार्बन सोडते. आणि स्टेटस हा भाग असेल तर तो मनमोकळा बोला, त्यात लाज काय. दहा-पंधरा वर्षं मान मोडून काम केल्यावर माणसाला चांगली गाडी हवीशी वाटते, ते कारण पुरेसं आहे. फक्त मग त्याला पर्यावरणाचं आणि बचतीचं नाव देऊ नका, 'मला हवीये, आपल्याला परवडतेय का' असा प्रश्न मांडा, तो खूप सोपा आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या जमाखर्चाच्या वहीत आहे.

बॅटरीची धास्ती मात्र सोडा. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १.६ लाख किमीची वॉरंटी देतात. तुम्ही वर्षाला ८,४०० चालवणार, एका फुल चार्जला खरी रेंज अडीचशे धरली तर वर्षाला जेमतेम ३४ फुल चार्ज. हल्लीच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटऱ्या हजारो नाही तरी दीड-दोन हजार वेळा आरामात झेलतात. तुमची बॅटरी वापराने संपणार नाही, वयाने थोडी उतरेल. वॉरंटीच्या कागदात किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून देणार ते वाचा, ७० का ८०, आणि गाडी विकली तर पुढच्याला वॉरंटी जाते का ते पण. बॅटरी भाड्याने घेऊन किमीप्रमाणे पैसे भरायच्या स्कीम आहेत, किंमत एकदम कमी दिसते, पण त्यात महिन्याला किमान इतक्या किमीचे पैसे द्यायची अट असते, कमी चालवणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊच नये. आणि ज्यांना ईव्ही घ्यायचीच आहे पण १५ लाख नाहीत त्यांनी दोन-तीन वर्षं वापरलेली बघावी, जुन्या ईव्हीचे भाव पटकन पडतात, तो पहिल्या मालकाचा तोटा आणि तुमचा फायदा, बॅटरी बनवतानाच्या कार्बनचंही तेच. सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या हेल्थचा रिपोर्ट काढल्याशिवाय टोकन मात्र देऊ नका.

चाळीसगावचं म्हणाल तर १६० किमी जायला काहीच अडचण नाही, परत यायचा प्रश्न. माहेरच्या घरी १५ अँपियरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग आहे का ते विचारा. गावाकडे अर्थिंग नावालाच असतं आणि मग गाडी चार्जिंग घ्यायलाच नकार देते. वर्षात चार वेळा जायचं म्हणून मोठ्या बॅटरीचे दोन-अडीच लाख जास्त मोजण्यात अर्थ नाही, त्या चार वेळा गाडी भाड्याने घ्या.

आता सोसायटी, कारण स्कूटर घ्या नाहीतर कार, प्लग लागणारच. तोंडी 'नाही' ला काही किंमत नाही, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात 'चार्जर' हा शब्दच टाळा म्हणते मी, सेक्रेटरींच्या डोळ्यासमोर पेट्रोलपंपाएवढं मशीन येतं. तुमच्यासारख्या रोज पंचवीस किमीवाल्याला दिवसाला चार युनिट लागतात, साधा १५ अँपियरचा पॉइंट दोन तासात देतो, ७ किलोवॅटचा वॉल चार्जर कारलाही गरजेचा नाही. आपल्याच मीटरवरून स्वतंत्र केबल, एमसीबी, अर्थिंग, काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, खर्च सगळा आमचा, कॉमन लाइटचा एक पैसा वापरणार नाही, असं लिहा. आगीची भीती हे त्यांचं खरं कारण असेल तर ते उडवून लावू नका, लोकांनी बाल्कनीतून एक्स्टेंशन बोर्ड लटकवून चार्ज केलेलं मीही पाहिलंय, आणि पक्का पॉइंट त्यापेक्षा सुरक्षित आहे हेच तुमचं म्हणणं असू दे.

आणि त्याच अर्जासोबत दुसरा विषय टाका, गच्चीवर सोलर. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे आणि त्या कॉमन वापरात ईव्ही चार्जिंग स्पष्ट धरलेलं आहे. आपल्याकडे एक किलोवॅटचं पॅनल वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. वर तुमच्या अख्ख्या वर्षाच्या ईव्हीला किती युनिट लागत होते ते परत बघा, तेवढेच. तेवढी वीज गच्चीवरून आली की उधारीची ती सात वर्षं दोनवर येतात, आणि दिरांचा मुद्दा पण संपतो. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचं बिल कमी होतंय म्हटल्यावर जे मेंबर गाडीच्या नावाने नाक मुरडतात तेही हात वर करतील. लेकीला प्रोजेक्ट करायची हौस आहे ना, मग सोसायटीची मागच्या बारा महिन्यांची कॉमन मीटरची बिलं गोळा करून किती किलोवॅट बसवायला लागेल ते तिलाच काढायला लावा, मीटिंगमध्ये तो कागद तुमच्या अर्जाला जोडा.

गाडीचं बुकिंग तोवर थांबवा. तीन महिने रोज संध्याकाळी गाडीचं रीडिंग वहीत लिहा, कोण घेऊन गेलं, किती माणसं होती, कुठे. आकडा हजाराच्या वर निघाला, किंवा हॅचबॅकने खर्च काढायला सुरुवात केली, तर मला परत लिहा, तेव्हा कुठली ईव्ही यावर बोलू.